धक्क्यावरचा दूतावास

शामला बिडवे यांना आमच्या ऑफिसात सगळे बिडवे मॅडम म्हणत. नेदरलंड्समधल्या हेगच्या भारतीय दूतावासात कॉन्सुलर विभाग त्यांच्याकडे होता. पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूचे दाखले, तुरुंगात गेलेला कोणी, दवाखान्यात एकटाच पडलेला कोणी, सगळं शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. मी काउंटरवर बसायचे. माझं नाव सानिका. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे डिपेंडंट म्हणून हार्लेमला आले, दोन वर्षं घरात बसून डच शिकले आणि मग ही स्थानिक कर्मचाऱ्याची जागा मिळाली. २०२० च्या मे महिन्यात मला तिथे जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि मॅडमना सदतीस. त्या महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

मॅडम मूळच्या बार्शीच्या. वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. टायपिंग आणि शॉर्टहँड करून त्या १९८३ साली दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात स्टेनो म्हणून लागल्या. मग खात्याच्या परीक्षा देत देत, एकेक पायरी चढत अम्मान, दार-एस-सलाम, मस्कत, ताश्कंद, मधेमधे दिल्ली, आणि शेवटी हेग. १९९० साली इराकने कुवेत घेतलं आणि तिथून हजारो भारतीय अम्मानला येऊन पडले, तेव्हा तिशीतल्या मॅडम विमानतळावर टाइपरायटर मांडून बसल्या होत्या. दिवसाला सातशे नावं टाइप करायच्या. फर्स्ट सेक्रेटरी व्हायला त्यांना बत्तीस वर्षं लागली. यूपीएससी देऊन आलेले अधिकारी त्या खुर्चीवर सात-आठ वर्षांत बसतात.

मी एकदा विचारलं, "याचं वाईट वाटतं का हो, मॅडम?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण रोज काढून बघायला वेळ नसतो."

त्यांचे यजमान मनोहरकाका गणिताचे शिक्षक. बायकोसाठी दिल्लीची नोकरी त्यांनी पहिल्याच बदलीला सोडली आणि मग प्रत्येक देशात कोणाच्या ना कोणाच्या मुलांना गणित शिकवत राहिले. हेगमध्ये ते मराठी घरांतल्या मुलांना शिकवायचे. काका मराठीत विचारायचे, मुलं डचमध्ये उत्तर द्यायची, आणि गणित बरोबर यायचं. "आपण दोघं डिपेंडंट," असं ते मला नेहमी म्हणत.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. ग्रोनिंगनपासून मास्ट्रिख्टपर्यंत अडकलेल्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. मुलाला भेटायला आलेले आईवडील, औषधं संपलेले म्हातारे, दिवस भरत आलेल्या बायका. आम्ही याद्या करत होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात भारत सरकारची विमानं सुटू लागली, पण पहिल्या यादीत अॅमस्टरडॅम नव्हतं.

चार मेला सकाळी एक फोन आला तो मीच घेतला. दत्ता मयेकर नावाचा माणूस बोलत होता, मालवणकडचा. रॉटरडॅमच्या बंदरात उभ्या असलेल्या 'लेडी वेरोना' नावाच्या प्रवासी जहाजावर तो हेड वेटर होता. प्रवासी मार्चमध्येच उतरून गेले होते. वेटर, आचारी, केबिन साफ करणारे, लाँड्रीवाले असे अडतीस भारतीय मात्र जहाजावरच होते. बहुतेक सगळे कोकणातले आणि गोव्याचे. मी फोन मॅडमकडे दिला आणि स्पीकर लावला.

"कोणी आजारी आहे का?" मॅडमनी पहिलं विचारलं.

"आजारी नाही, मॅडम. जेवायला मिळतंय. पण सेहेचाळीस दिवस झाले, जमिनीला पाय लागला नाही. धक्का समोर दिसतो, त्यावर माणसं सायकलवरून जाताना दिसतात." त्याने आवाज खाली आणला. "आमच्यात एक वयस्कर आहेत, दामोदर तांडेल. एप्रिलमध्ये त्यांची बायको गेली, गावी. तेव्हापासून ते रेलिंगपाशी फार वेळ उभे राहतात. आम्ही पाळ्या लावल्यात. कोणीतरी सतत त्यांच्या शेजारी उभं असतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पाळ्या चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "मला सगळ्यांची नावं, जन्मतारखा आणि गावं पाठवा. आजच."

अडचण अशी होती. सीमा पोलिसांचा नियम होता, खलाशी जहाजावरून उतरला तर त्याच दिवशी मायदेशीच्या विमानात बसला पाहिजे. विमान नाही, म्हणून उतरायचं नाही. आणि दिल्लीचं म्हणणं, जे उतरलेलेच नाहीत त्यांना विमानाच्या यादीत कसं घ्यायचं? त्यांच्यासाठी नियमच अजून ठरायचे होते. कंपनी ईमेलला उत्तर देत नव्हती.

मॅडम सुदर्शन सरांकडे गेल्या. सर चौतिशीचे, यूपीएससीतून आलेले, हुद्द्याने मॅडमच्या वर. हुशार आणि सरळ माणूस, पण सावध.

"मॅडम, नियम नसताना परवानगी मागितली तर उत्तर 'नाही' येतं," ते म्हणाले. "आणि एकदा फाइलवर 'नाही' आलं की ते पुसता येत नाही."

"म्हणूनच परवानगी मागायची नाही, सर. सगळं काम तयार करून पाठवायचं आणि यावर काही हरकत आहे का, एवढंच विचारायचं. हरकत घ्यायला कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो."

सर हसले. "पण तयार काम म्हणजे काय? विमान आहे कुठे?"

विमान मॅडमना शुक्रवारी सापडलं. डच परराष्ट्र खात्यातल्या लीसबेथ नावाच्या बाईंबरोबर आमचा दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असायचा. तीन वर्षं मॅडमचं आणि त्यांचं काम पडत आलं होतं. बोलता बोलता लीसबेथ म्हणाल्या की मुंबईत अडकलेल्या नेदरलंड्सच्या रहिवाशांना आणायला चौदा तारखेला, गुरुवारी, एक खास विमान जाणार आहे. दोनशे ऐंशी माणसं येणार.

"आणि जाताना?" मॅडमनी विचारलं.

"जाताना काय?"

"जाताना विमानात कोण असणार?"

"कोणी नाही. वैमानिक."

मॅडमनी अडतीस नावांची यादी उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. मग लीसबेथ म्हणाल्या, "कागद पूर्ण असतील तर माझी काही हरकत नाही, शामला. पण नसतील तर विमान थांबणार नाही. हे आत्ताच सांगते."

"तेवढंच हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

शनिवार-रविवार मॅडम, सुदर्शन सर आणि मी ऑफिसात होतो. मॅडमनी मुंबईतल्या आपल्या बॅचच्या एका बाईंना फोन लावला, त्यांनी विलगीकरणासाठी एका हॉटेलचा मजला मिळवला. कंपनीच्या एजंटला मॅडमनी एकच ईमेल पाठवली. अडतीस माणसांना विनाकारण जहाजावर ठेवल्याची तक्रार कोणाकोणाकडे जाणार आहे, त्यांची नावं त्यात क्रमाने होती. दोन तासांत उत्तर आलं. जहाजावरचा डॉक्टर तपासणीचे दाखले देणार, बंदर ते विमानतळ बस कंपनी देणार. रविवारी संध्याकाळी चार पानांचं पत्र दिल्लीला गेलं, खाली सुदर्शन सरांची सही होती. ती करताना त्यांचा हात जराही थांबला नाही. ते मी पाहिलं.

सोमवारी दुपारी दिल्लीचं उत्तर आलं. हरकत नाही. मात्र प्रत्येकाकडे प्रवासाचा वैध कागद हवा, एकही अपवाद नाही.

मी दत्ता मयेकरांना कळवायला फोन केला आणि तिथे पहिला धक्का बसला. पासपोर्ट जहाजावर नव्हतेच. व्हिसाच्या कामासाठी एजंटने फेब्रुवारीत सगळे गोळा करून दुसऱ्या देशातल्या आपल्या ऑफिसात पाठवले होते आणि ते ऑफिस कुलूपबंद होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ," त्या म्हणाल्या. पासपोर्ट नसलेल्याला एकदाच मायदेशी जाता येतं, असा तो कागद. "अडतीस. त्यांना इथे येता येणार नाही, तर आपण तिथे जाऊ. सानिका, छापलेले अर्ज किती आहेत बघ. आणि मनोहरला फोन कर, शिकवणीचं घडीचं टेबल लागेल म्हणावं."

मंगळवारी सकाळी नऊ वाजता रॉटरडॅमच्या धक्क्यावर आमचा दूतावास उभा राहिला. एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, लॅपटॉप, जहाजातून वायर ओढून चालू केलेला प्रिंटर, शाईचा पॅड, आणि फोटोच्या मागे धरायला जहाजाच्या लाँड्रीतली पांढरी चादर. बंदराच्या अधिकाऱ्याने दीड-दीड मीटरवर नारिंगी शंकू मांडून दिले. एकेकाने त्या शंकूंच्या आत उतरायचं आणि लगेच परत वर जायचं, एवढीच सूट सीमा पोलिसांनी दिली होती. ऊन होतं पण वारा असा की कागदावर दगड ठेवावे लागत होते. चादर कोणाला धरवेना. तेवढ्यात सुदर्शन सरांची गाडी आली. राजदूतांची बैठक आटोपून ते सुटातच आले होते. त्यांनी कोट काढून गाडीत टाकला आणि चादरीचं एक टोक हातात घेतलं. दिवसभर त्यांनी ते सोडलं नाही.

माणसं एकेक करून जिन्यावरून खाली येऊ लागली. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले. चोपन्न दिवसांनी जमिनीला पाय लागत होते. पहिला माणूस, वेंगुर्ल्याचा एक आचारी, खाली आला आणि वाकून त्याने धक्क्याला हात लावला. मग मॅडमच्या पायाकडे वळला.

"अहो, लांबून," मॅडम म्हणाल्या. "आधी इथे सही करा. नाव जसं पासपोर्टवर होतं तसंच लिहा."

बहुतेकांच्या मोबाइलमध्ये पासपोर्टचा फोटो होता. मी नंबर संगणकात घालायचे, नोंद जुळली की मॅडम चार प्रश्न विचारायच्या. आईचं नाव काय, शाळा कुठली, घराजवळचं पोलीस ठाणं कोणतं. बोलता बोलता अंगठा उमटायचा, फोटो निघायचा. माणूस वर जायचा तेव्हा त्याची चाल वेगळी असायची. दुपारी जहाजावरच्या आचाऱ्यांनी आम्हाला पुलाव आणि सोलकढी पाठवली. कोकमं कुठून राखून ठेवली होती कोण जाणे.

पाच वाजेपर्यंत सदतीस झाले. अडतिसावे दामोदर तांडेल.

ते खाली आले तेव्हा दत्ता मयेकर दोन पावलं मागे होता. दामोदर साठीला आलेले, काटक, हातांची कातडी साबणाने पांढुरकी पडलेली. त्यांचा मोबाइल महिन्यापूर्वी पाण्यात पडला होता. पासपोर्टचा नंबर आठवत नव्हता. जहाजाच्या यादीत नुसतं 'दामोदर लक्ष्मण' असं नाव, जन्मतारीख फक्त वर्षाची. मी संगणकात शोधलं. त्या नावाचे बरेच निघाले, पण एकही जुळेना.

"जाऊ दे, मॅडम," ते म्हणाले. "सदतीस झाले ना? त्यांका जाऊ दे. माका आता घाई नाय. जिच्यासाठी जायचा, ती गेली. तिचे दिवस पण झाले."

"दिवस कोणी घातले?" मॅडमनी विचारलं.

"मुलीन."

"एकटीने?"

दामोदरनी मान हलवली.

"काय करते मुलगी?"

"नर्स आसा. कुडाळात."

"म्हणजे आत्ता दवाखान्यात ड्युटी करते, आईचं सगळं एकटीने केलं, आणि बाप परत येतोय की नाही हे तिला माहीत नाही." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "दामोदरराव, घाई तुम्हाला नसेल. तिला असेल. खुर्चीवर बसा आणि मला मदत करा. पासपोर्ट कुठे काढला होतात?"

ते बसले. "पयलो मुंबईत. मगे मस्कतात बदललंय. जहाजार येवच्या आधी थंय हॉटेलात होतंय, लाँड्रीत."

मॅडमनी मान वर केली. "मस्कतला कधी बदललात?"

"साल नाय आठवत."

"मुलगी कितवीत होती तेव्हा?"

त्यांनी डोळे मिटले. "दहावीत. परीक्षा चालू होती. फोनार म्हणाली, बाबा, आज गणिताचो पेपर."

"आता तिचं वय?"

"पंचवीस पुरा."

"म्हणजे मार्च २०११," मॅडम म्हणाल्या. "मी मस्कत सोडलं २०१० ला. पण कपाटं तीच असणार."

आमच्या संगणकात मस्कतचे तेवढे जुने अर्ज महिन्यावरून शोधता येत नव्हते, पासपोर्टचा नंबरच लागायचा. मॅडमनी आपल्या पर्समधून एक जाडजूड, कडा झिजलेली डायरी काढली आणि धक्क्यावरूनच मस्कतला फोन लावला. तिथल्या दूतावासात वर्गीस नावाचे केरळी गृहस्थ पंचवीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. बोलणं हिंदीत झालं. तिथेही सगळं बंद होतं, वर्गीस घरी होते, बाहेर पडायला परवानगी लागणार होती. मॅडमनी महिना, आडनाव आणि दामोदरांच्या वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, सकाळी बघतो.

बुधवारी मी ऑफिसात बसून सदतीस सर्टिफिकेटं छापली. मॅडम प्रत्येकावर सही करत होत्या. त्यांचा मोबाइल टेबलावर समोर होता, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. मीच बघत होते. लीसबेथना नावांची शेवटची यादी चार वाजेपर्यंत हवी होती. बारा वाजले, एक वाजला. सुदर्शन सर दोनदा दारात येऊन गेले.

"मॅडम, अपवाद चालणार नाही असं लिहिलंय," दुसऱ्यांदा ते हळूच म्हणाले. "नाहीच मिळालं तर सदतीस तरी..."

"नाही मिळालं तर, सर. अजून पावणेतीन तास आहेत."

दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. वर्गीस यांनी एका रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला होता. दामू लक्ष्मण तांडेल. पासपोर्टवर दामोदर नव्हतं, घरचंच नाव होतं. शेजारी चिकटवलेल्या फोटोत मिशी होती, केस काळे होते, पण डोळ्यांखालची ती खोलगट रेघ तीच. नंबर स्वच्छ अक्षरात लिहिलेला. मी तो संगणकात घातला. वडील लक्ष्मण, आई पार्वती, ठाणं वेंगुर्ला. सगळं जुळलं.

मॅडमनी वर्गीसना फोन केला. मी स्पीकरवर ऐकलं. "इतक्या लवकर कसं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं," ते म्हणाले. "रजिस्टर नुसतं वर्षावर नाही, महिन्यावर लावायचं. लोकांना साल आठवत नाही, पण त्या महिन्यात घरी काय चाललं होतं ते आठवतं. मी अजून तसंच लावतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सानिका, अडतिसावं छाप."

तीन वाजून वीस मिनिटांनी यादी गेली.

गुरुवारी अॅमस्टरडॅमचा स्किफोल विमानतळ इतका रिकामा होता की बुटांचे आवाज घुमत होते. बस थेट दाराशी लागली. अडतीस माणसं कंपनीची निळी जॅकेटं घालून, बॅगा घेऊन अंतरा-अंतराने उभी राहिली. मॅडम हातात यादी घेऊन प्रत्येकाचं नाव वाचत होत्या आणि सर्टिफिकेट हातात देत होत्या. लीसबेथही आल्या होत्या. मास्कमधूनही त्या हसताहेत हे कळत होतं.

दामोदर शेवटी होते. मॅडमनी कागद दिला, आणि आपला मोबाइलही. "बोला," त्या म्हणाल्या. "मी लावलाय."

पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दामोदर एवढंच म्हणत होते, "होय गो. होय. आज. होय, जेवलंय." मोबाइल शर्टाला पुसून त्यांनी परत दिला. मग ते ताठ चालत आत गेले. दत्ता मयेकर त्यांच्या बरोबरीने चालत होता, पण आता शेजारी उभं राहायची गरज म्हणून नव्हे.

विमान उडालं तेव्हा आम्ही पार्किंगच्या वरच्या मजल्यावर होतो. सुदर्शन सर, मी, मॅडम, आणि थालीपिठांचा डबा घेऊन आलेले मनोहरकाका. विमान वर गेलं, वळलं आणि लहान होत गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका म्हणाले, "अडतीस," आणि मॅडम इतक्या मोकळ्या हसल्या की मी तसं त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही चौघांनी गाडीच्या टपावर डबा ठेवून उभ्याउभ्याच खाल्लं.

सोमवारी दिल्लीहून निरोप आला. हे कसं केलंत ते लिहून पाठवा, बाकीच्या दूतावासांना उपयोगी पडेल. सुदर्शन सर लॅपटॉप घेऊन मॅडमच्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही सांगा, मी टाइप करतो," ते म्हणाले.

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांत त्यांना कोणी हे म्हटलं नसावं. मग खुर्चीत जरा मागे टेकून त्यांनी सांगायला सुरुवात केली, थांबत, स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही सांगत. सर मुकाट टाइप करत होते. सहा पानं झाली. खाली नाव फक्त एकच घातलं, शामला बिडवे. ते पत्र जगभरच्या आपल्या दूतावासांत गेलं. पुढच्या दोन आठवड्यांत आमच्याच बंदरातून आणखी दोन जहाजांवरची माणसं त्याच पद्धतीने गेली. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी आकडा दोनशे अकरावर होता.

निरोप समारंभ कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाला. राजदूत बोलले, दिल्लीचे दोन सचिव बोलले, ताश्कंद आणि दार-एस-सलामहून जुनी माणसं आली. मधेच एका चौकोनात वर्गीस दिसले, टाय लावून बसलेले. मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बार्शीहून निघाले तेव्हा वडिलांना वाटलं होतं, पोरगी दिल्लीत टायपिंग करील. केलं. चांगलं केलं. आणि चांगली माणसं भेटली." एवढंच. पण त्यानंतर बराच वेळ कोणी कॉल बंद केला नाही.

निवृत्त झाल्यावर मॅडम स्वतःच अडकल्या होत्या. त्यांनी आणि काकांनी इतरांसारखाच ऑनलाइन अर्ज भरला. त्यांचा नंबर लागला चारशे सतरावा. सुदर्शन सर म्हणाले, मॅडम, एक शब्द सांगा, पुढच्याच विमानात बसवतो. त्या म्हणाल्या, "गरोदर बायका आधी, सर. मीच तो क्रम लावलाय."

सबंध जून-जुलै त्या हेगच्या समुद्रावर फिरल्या, सायकल शिकल्या, दोनदा पडल्या. काकांनी शिकवणी चालूच ठेवली. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा नंबर आला. यादी मीच वाचत होते, कारण खलाशांचं टेबल आता माझ्याकडे आलं होतं आणि विमानतळाची ड्युटीही. मी "बिडवे शामला, बिडवे मनोहर" असं वाचलं. मॅडम रांगेतून पुढे आल्या, मास्क नीट केला आणि दोन्ही पासपोर्ट उघडून माझ्यासमोर धरले, फोटोचं पान बरोबर वर करून.